रक्ताची गोळी

डॉ. बोंदऱ्यांचं एक वाक्य त्या वॉर्डात सगळ्यांना पाठ होतं. मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालताना सुईतून पिचकारीत रक्त आलं की त्याचा रंग बघायचा. "काळं ते आपलं, लाल ते परकं," असं बोंदरे म्हणत. काळपट रक्त आलं म्हणजे सुई हव्या त्या शिरेत आहे, खुशाल नळी सारा. लालभडक आलं म्हणजे शेजारची धमनी टोचली, सुई काढा आणि दाबून बसा. वाक्य लहान, सुटसुटीत आणि शंभरातल्या नव्वद वेळा खरं. उरलेल्या दहांचं काय, हे कुणी विचारलं नव्हतं. सुटसुटीत वाक्यांचा हाच दोष असतो. ती डोक्यात बसतात आणि मग डोकंही बसूनच राहतं.

डॉ. शामला लांजेवार या वॉर्डात येऊन चार महिने झाले होते. कामठीची मुलगी, रोज बसनं यायची. चार महिन्यांत तिनं अशा अकरा नळ्या घातल्या होत्या आणि अकराही बिनचूक. बारावी नळी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ब्याऐंशी साली, दुपारी दीड वाजता घातली.

तो मारबतीचा दिवस, इडापिडा जावी म्हणून मारबतीचे मोठाले पुतळे रस्त्यांतून मिरवत नेऊन जाळायचा. निम्मा दवाखाना रजेवर आणि उरलेला निम्मा कुरकुरत कामावर. इतवारी, गांधीबाग, महाल सगळीकडे रस्ते बंद. अशा दिवशी आजारी पडू नये असं नागपुरात म्हणतात, पण कुहीकडच्या प्रेमिलाला ते कोण सांगणार? दोन दिवस तिला हगवण आणि ओकारी चालली होती. वय सव्वीस. लहानपणीच्या सांधेतापानं हृदयाची एक झडप आवळलेली. सकाळी जीपमधून उतरवली तेव्हा हातपाय गार, ओठ जांभळे आणि नाडी असून नसल्यासारखी. घोट्याजवळची शीर उघडून सलाईन लावलं, पण पंचाईत पुढेच होती. पाणी कमी पडलं तर मूत्रपिंडं जाणार आणि जास्त झालं तर त्या आवळलेल्या झडपेपायी फुप्फुसं भरणार. किती पुरे, हे कळायला मानेतून हृदयाजवळ नळी घालून दाब मोजणं भाग होतं.

प्रेमिलाचा नवरा चंद्रभान आला नव्हता. लेकरालाही हगवण लागली होती, तो त्याला घेऊन कुहीच्याच दवाखान्यात बसला होता. सोबत आले होते सासू प्रयागबाई आणि थोरला दीर चंपतराव. थोरला दीर म्हणजे त्यांच्या भाषेत भासरा. प्रयागबाई डोळ्यांना पदर लावून होत्या, म्हणून शामलानं सगळी माहिती चंपतरावांनाच विचारली.

"आधीपासून काही औषध सुरू होतं का?"

"हो ना बाई. रक्ताची गोयी सुरू आहे तिले."

"किती दिवस?"

"होयीपासून. रोज एक. खंड नाई पडू दिला."

रक्ताची गोळी म्हटलं की लोहाची गोळी, हे मराठी मुलखात शेंबड्या पोरालाही कळतं. गरोदरपणात घ्यायची, बाळंतपणात घ्यायची, चेहरा पांढरा पडला की घ्यायची. शामलाच्या आईनंही जन्मभर घेतली. तिनं केसपेपरवर लिहिलं, "लोहाची गोळी, पाच महिने," आणि पान उलटलं.

मग हात धुतले, हातमोजे घातले, मानेच्या उजव्या बाजूला बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि जाड सुई आत घातली. दुसऱ्या प्रयत्नाला पिचकारीत रक्त आलं. काळं. अगदी जांभळासारखं काळं. आपलं! शामलाचा जीव भांड्यात पडला. पिचकारीचा दट्ट्या आपोआप किंचित मागं सरकला असं क्षणभर वाटलं, पण वाटलं म्हणजे झालंच असं थोडंच असतं? तिनं सुईतून नळी आत सारली, सुई मागं काढली, नळीला एक टाका घातला.

सिस्टर इंदुताईंनी दाब मोजायची उभी नळी जोडली. लाकडी पट्टीवर सेंटिमीटरच्या खुणा आणि त्यावर बसवलेली पारदर्शक नळी. ती सलाईननं भरायची आणि तोटी फिरवायची. पाणी खाली उतरतं आणि आठ-दहाच्या खुणेवर डुलत थांबतं. इंदुताईंनी तोटी फिरवली.

पाणी उतरलं नाही. पाणी चढलं. वीस, पंचवीस, तीस. पाण्यामागून काळं रक्त वर आलं, पट्टीच्या टोकाशी पोचलं आणि लाकडावरून ओघळून फरशीवर पडू लागलं.

"मॅडम, हे तं चढून राहिलं!" इंदुताई म्हणाल्या. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी आवाज चढवल्याचं कुणाला आठवत नसेल. आज चढला.

शामलानं तोटी बंद केली. शिरेत एवढा जोर नसतो. एवढा जोर एकाच ठिकाणी असतो. नळी धमनीत गेली होती, मेंदूला रक्त नेणाऱ्या धमनीत. आणि रक्त काळं का? तर बाईच्या अंगात प्राणवायूच नव्हता. ज्या बाईचे ओठ जांभळे, तिच्या धमनीतलं रक्त लाल येणार कुठून? हे साधं गणित सुई हातात घेण्याआधी कोणत्याही शहाण्या माणसानं मांडलं असतं. शामलानं वाक्य पाठ केलं होतं, गणित मांडलंच नव्हतं.

"बोंदरे सरांना फोन लावा."

बोंदरे खाली अपघात विभागात होते. फोन टेबलावर आणि शामलाचा हात नळीवर, म्हणून निरोप इंदुताईंच्या तोंडून आला. "सर म्हणतात, ओढून काढा आन् पंधरा मिनिटं दाबून बसा. ते येऊनच राहिले."

शामलानंही तेच ठरवलं होतं. चूक झाली की चूक बाहेर काढावी, असं हातालाच वाटतं. तिनं कात्री घेतली, टाका कापायला वाकली आणि तिची नजर प्रेमिलाच्या उजव्या कोपरावर गेली. सकाळी तपासणीसाठी तिथून रक्त घेतलं होतं. त्याला चार तास झाले होते. चिकटपट्टीखालचा कापसाचा बोळा ओला लाल होता आणि चादरीवर तळहाताएवढा डाग पडला होता.

"हे अजून वाहतंय?"

"तिसरा बोळा आहे मॅडम. मले वाटलं हात हलवत असंल."

कात्री होती तिथंच थांबली. "चंपतरावांना आत बोलवा. आत्ताच्या आत्ता."

चंपतराव पागोटं हातात घेऊन दाराशी उभे राहिले. रक्तानं भरलेली पट्टी त्यांना दिसली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ती रक्ताची गोळी कशी असते? काळी? लाल?"

"नाई बाई. पांढरी, एवढीशी. मुगाच्या दाण्याएवढी."

"कोणी दिली?"

"नागपूरच्याच हार्टच्या डाक्टरानं. दर महिन्याले रक्त तपासाले बोलावलं होतं त्याईनं. मंग लगनसराई आली, पेरणी आली, धानाचं रोवणं आलं, चार महिने येनं नाई झालं. पण गोयी नाई चुकवली बाई. रक्ताची हाय म्हणून नाई चुकवली."

लोहाची नव्हती ती. रक्त पातळ ठेवायची होती. आवळलेल्या झडपेमागं रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून अशा रोग्यांना देतात आणि ती किती द्यायची हे दर महिन्याला रक्त तपासून ठरवतात. चार महिने तपासणी नाही, दोन दिवस पोटात अन्न नाही. आता या बाईचं रक्त गोठायचंच विसरलं होतं. चंपतराव खोटं बोलले नव्हते, शामलानंही खोटं लिहिलं नव्हतं. एकाच शब्दाच्या दोन टोकांना दोघं उभे होते, आणि मध्ये प्रेमिलाचा गळा होता.

शामलानं कात्री ट्रेमध्ये टाकली.

नळी ओढली तर धमनीचं भोक उघडं पडणार. ते बुजवायला रक्त गोठणार नाही. गळा असा तासन् तास आवळून धरता येत नाही. रक्त आतल्या आत साचणार, श्वासनळी दाबली जाणार आणि पंधरा मिनिटांत खेळ संपणार. उलट नळी तशीच ठेवली तर तीच नळी भोकाला बूच होऊन राहील. पण तिच्या टोकाशी बारीकशी गुठळी जमून मेंदूच्या उजव्या बाजूत गेली तर प्रेमिलाची डावी बाजू लुळी पडेल, जन्मभरासाठी. इकडे आड, तिकडे विहीर. आडात बुडायला पंधरा मिनिटं आणि विहिरीत कदाचित दोन तास, एवढाच काय तो फरक. शामलानं विहीर धरली.

बोंदरे धापा टाकत आले. "काढली नाही अजून?"

"नाही काढणार, सर." एवढं स्पष्ट ती त्यांच्याशी कधीच बोलली नव्हती. तिनं कोपर दाखवलं, गोळीचं सांगितलं. बोंदऱ्यांनी दाबपट्टीकडे पाहिलं, जांभळ्या ओठांकडे पाहिलं. त्यांच्या लाडक्या वाक्याची वाट लागलेली फरशीवर दिसत होती. माणूस वाईट नव्हता. वाद न घालता म्हणाला, "मी रक्तपेढीतून प्लाझ्मा आणतो. तू धोटे सरांना बोलाव. धमनी त्यांच्याशिवाय कुणी शिवणार नाही." आणि आला तसा धावत गेला.

सर्जन महादेवराव धोटे गांधीबागेत राहत. फोन त्यांच्या पत्नीनं, कुसुमताईंनी उचलला. मागं ताशांचा असा गदारोळ की शामलाला प्रत्येक शब्द तीनदा ओरडावा लागला. साहेब शेजारच्या गच्चीवर मारबत बघत होते. कुसुमताई म्हणाल्या, "धाडते गं, पण मोटार तर गल्लीतून निघत नाही!" मग वॉर्डातला शिपाई कवडू, पन्नाशीचा गडी, सायकल काढून गर्दीच्या अलीकडच्या चौकात जाऊन उभा राहायला निघाला. त्याला सगळ्या गल्लीबोळांची माहिती होती.

आता बाहेर सांगायला हवं होतं. नाही सांगितलं असतं तर चाललं असतं, असे सांगणारे वडीलधारे प्रत्येक दवाखान्यात असतात. शामला चंपतरावांसमोर जाऊन उभी राहिली.

"माझ्या हातून नळी चुकीच्या जागी गेली आहे. आणि तुम्ही सांगितलेली गोळी मी भलतीच समजले. दोन्ही चुका माझ्या आहेत."

चंपतराव एकदम उसळले. "चुकीची गेली तं काढा ना मंग! अशीच ठेवून काहून राहिले? काटा रुतला तं कोणी पाय तसाच ठेवते का?" बोलता बोलता ते पडद्याआड शिरले आणि त्यांचा हात नळीकडे गेला. रांगडा, नांगर धरणारा हात. इंदुताई ओरडल्या.

शामला मध्ये पडली. कॉलेजातली स्वच्छ मराठी कुठल्या कुठे गेली. "हात नोका लावू, दादा! ऐका माह्यं. बांधीच्या धुऱ्याले भोक पडलं आन् त्यात काडी अडकली, तं चिखल हाताशी आल्याबिगर ते काडी काढता का तुम्ही?"

हात हवेत थांबला. धानाच्या बांधीतलं पाणी धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, एका भोकानं कसं रात्रीत पळतं, हे कुहीच्या माणसाला शिकवावं लागत नाही.

"आन् चिखल केव्हा येते?" त्यांनी विचारलं.

"येऊन राहिला. गांधीबागेतून."

चंपतराव बाहेर जाऊन भिंतीला टेकून बसले.

मग वाट बघणं सुरू झालं. वाट बघण्यासारखा छळ नाही, आणि आपल्याच चुकीच्या उशाशी बसून वाट बघणं म्हणजे तर शिक्षाच. प्लाझ्माची पहिली बाटली घोट्यातून सुरू झाली. रक्त गोठायला मदत करणारं इंजेक्शन बोंदऱ्यांनी हळूहळू दिलं, पण त्याला काम करायला तास लागतात. उजव्या कोपरावर घट्ट पट्टी आवळून हात लाकडी फळीला बांधला. दर दहा मिनिटांनी शामला गळ्याला बोट लावून सूज बघायची, डोळ्यांत बॅटरी मारायची आणि म्हणायची, "प्रेमिला, माझं बोट दाब. आता या हातानं."

उजवा हात दाबायचा. डावाही दाबायचा, जरा कमी.

अडीच वाजले. तीन वाजले. लांबून, शहराच्या अंगानं, ताशांचा आवाज आणि आरोळ्या येत होत्या. इडा पिडा घेऊन जा गे मारबत! शामलाचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी एकदा तिचे ओठ हलले आणि इंदुताईंनी ते न पाहिल्यासारखं केलं.

सव्वातीनला प्रेमिलानं उजव्या हातानं बोट दाबलं. डाव्या हातानं दाबलं नाही.

"प्रेमिला, दाब ना. दाब वं बाई!" डावा तळवा शामलाच्या हातात तसाच पडून राहिला, गार आणि सैल. गुंगी असेल. रक्तदाब कमी आहे म्हणून असेल. नाहीतर ज्याची भीती होती तेच असेल. नळी काढली असती तर? नाही, तर बाई आत्तापर्यंत गेली असती. पण ही अशी जगली तर? एका हाताची, एका पायाची, रोवणं नाही, भाकरी नाही, लेकरू उचलणं नाही. आणि दरसाल पोळा आला की त्या घरात नागपूरच्या डाक्टरणीचं नाव निघेल. शामलाला रडू फुटलं. डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता.

तीन चाळीसला धोटे सर आले, ते कवडूच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून. एका पायात चप्पल होती, दुसरी मारबतीनं नेली होती. वय अठ्ठावन्न, शर्टाला कुणाचा तरी रंग लागलेला. वॉर्डात शिरताच त्यांनी एवढंच विचारलं, "काढली नाहीस ना?"

"नाही सर. पण डावा हात..."

"समजलं. शाबासकी देईन सवडीनं, शिव्या आत्ता घे. नळी सारायच्या आधी, नुसती सुई आत असताना, हीच उभी नळी जोडून बघायला काय धाड भरली होती? रंग काय बघता? रंग साडीचा बघतात!"

शामलानं नवे हातमोजे चढवले.

झडपेचं दुखणं, त्यात हा अशक्तपणा. पूर्ण भूल द्यायचा धीर कुणाला झाला नाही, म्हणून तिला शस्त्रक्रियेच्या खोलीत नेऊन मान बधिर करूनच काम केलं. धोट्यांनी गळ्यावर चीर दिली, थर बाजूला करत धमनी उघडी केली आणि नळी जिथं शिरली होती त्याच्या वरखाली फीत आवळून धरली. शामला चिमटे धरून समोर उभी होती. तिची बारावी नळी बाहेर आली. दोन बारीक टाके पडले. फीत सोडली तेव्हा टाक्यांतून रक्ताचा एक थेंब आला, मग दुसरा. तिसरा आला नाही. प्लाझ्माची दुसरी बाटली संपली, तिसरी लागली.

पाच वाजता प्रेमिलाला बाहेरच्या खोलीत आणलं. नाडी बरी होती, ओठांचा जांभळेपणा कमी झाला होता. तिनं डोळे उघडले. धोटे वाकून म्हणाले, "बाई, डावा हात उचला बरं."

प्रेमिला त्यांच्याकडे बघत राहिली. हात उचलला नाही. पुन्हा सांगितलं, तरी नाही.

"गुंगी असू शकते," धोटे म्हणाले. "नसूही शकते. उद्यापर्यंत कळेल." ते हात धुवायला गेले. आज रात्रभर आपण डोळा लावणार नाही, हे शामलाला तिथंच कळलं.

"मायबाई, पाहू द्या ना एक डाव," प्रयागबाई दारातून म्हणाल्या. इंदुताईंनी त्यांना आत घेतलं. त्यांनी सुनेच्या कपाळावरून हात फिरवला. "प्रेमिला, कशी आहेस वं?" प्रेमिलाचे ओठ हलले, शब्द फुटला नाही. दाराशी ताटकळलेले चंपतरावही न राहवून आईच्या मागोमाग आत आले आणि पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले.

प्रेमिलाची नजर त्यांच्यावर गेली. ती एकदम चाळवली. उजवा हात फळीला बांधलेला, त्याला हिसका बसला. आणि मग चादरीखालून डावा हात बाहेर आला, चाचपडत वर गेला, चादरीची कड पाच बोटांत नीट पकडली आणि डोक्यावरून ओढून कपाळापर्यंत आणली. भासऱ्यासमोर डोकं उघडं होतं ना तिचं.

चंपतराव तसेच पाठमोरे झाले, भिंतीकडे तोंड करून.

"अवं राहू दे वं," प्रयागबाई म्हणाल्या, "दवाखाना होय हा!"

शामलाच्या घशातून हुंदका आला की हसू, तिचं तिलाही कळलं नाही. हात धुण्याच्या खोलीतून धोट्यांनी ओरडून विचारलं, "काय झालं?"

"हलवला, सर! डावा हात हलवला!"

"नक्की? झटका असेल. पुन्हा बघ!"

शामलानं प्रेमिलाच्या डोक्यावरची चादर हळूच खाली ओढून खांद्यापर्यंत आणली. मग भिंतीकडे वळून, डोळे पुसायचं भान न ठेवता म्हणाली, "चंपतराव, बाहेर जा आणि पुन्हा एकदा आत या."